अ‍ॅव्होकाडो कोकणी ताटात: त्यात काय आहे, किती खावं आणि कशाच्या जागी

गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीत पेढे-फरसाणाबरोबर हल्ली दोन-चार अ‍ॅव्होकाडोही निघतात. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडच्या मोठ्या फळवाल्यांकडेही ते दिसू लागले आहेत. काही जण ‘बटर फ्रूट’ म्हणून विकतात. फळ घरात येतं, टोपलीत पडून राहतं आणि मग कुणीतरी ते दूध-साखर घालून मिक्सरमधून फिरवतं. पोटाला चांगलं म्हणून आणलेलं फळ असं गोड पेयात जातं आणि त्याचा निम्मा फायदा तिथेच संपतो.

या लेखात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. अ‍ॅव्होकाडो झाडावर लागतो म्हणून फळ, पण ताटात त्याची जागा केळ्या-आंब्याशेजारी नाही. ती तेल, तूप, लोणी आणि खोबरं यांच्या ओळीत आहे. तसा तो मोजला तर किती खायचा, कशाबरोबर खायचा आणि कुणी जपून खायचा, ही सगळी उत्तरं आपोआप मिळतात.

आत काय असतं

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आहार-नोंदींनुसार १०० ग्रॅम गरात साधारण १६० कॅलरी असतात. स्निग्धांश जवळजवळ १५ ग्रॅम, तंतू (फायबर) पावणेसात ग्रॅम, प्रथिनं २ ग्रॅम आणि साखर एक ग्रॅमसुद्धा नाही. तेवढ्याच पिकलेल्या आंब्यात ६० कॅलरी असतात, साखर साडेतेरा ग्रॅमच्या आसपास असते आणि स्निग्धांश अर्धा ग्रॅमही नसतो. दोन्ही फळंच, पण पोटात गेल्यावर दोघांचं काम अगदी वेगळं.

त्या १५ ग्रॅम स्निग्धांशातले जवळपास १० ग्रॅम एक-असंपृक्त, म्हणजे मोनोअनसॅच्युरेटेड, प्रकारचे असतात. ऑलिव्हच्या आणि शेंगदाण्याच्या तेलात प्रामुख्याने असतं तेच हे ओलेइक आम्ल. संपृक्त, म्हणजे सॅच्युरेटेड, स्निग्धांश फक्त २ ग्रॅम. आता आपल्या रोजच्या ओल्या खोबऱ्याकडे बघू. १०० ग्रॅम खोबऱ्यात स्निग्धांश ३३ ग्रॅमच्या वर, आणि त्यातले जवळपास ३० ग्रॅम संपृक्त. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, वाढवण्यात संपृक्त स्निग्धांशाचा मोठा वाटा असतो. नारळ सोडा असं मी कोकणातल्या कुणालाही सांगणार नाही. खोबऱ्यात तंतूही भरपूर असतात आणि वाटपाशिवाय आपलं कालवण उभंच राहत नाही. पण ज्या घरात सकाळी चटणी, दुपारी वाटप, रात्री सोलकढी असा तिन्ही वेळा नारळ फिरतो आणि घरातल्या मोठ्यांचं एलडीएल वाढलेलं आहे, त्या घराला एका वेळेपुरता दुसरा स्निग्ध पदार्थ हवा असतो. अ‍ॅव्होकाडो तिथे खरोखर उपयोगी पडतो.

दुसरी मोठी गोष्ट तंतूंची. आपलं मुख्य अन्न भात. १०० ग्रॅम शिजलेल्या पांढऱ्या भातात तंतू अर्धा ग्रॅमही भरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू घ्यायला सांगते. भात-मासळीच्या जेवणात भाजी आणि कडधान्य मागे पडलं की हा आकडा गाठणं अवघड होतं. मध्यम आकाराच्या अ‍ॅव्होकाडोचा अर्धा भाग, म्हणजे साधारण ७० ग्रॅम गर, पावणेपाच ग्रॅम तंतू देऊन जातो. त्यातले काही विरघळणारे, काही न विरघळणारे. पोट साफ राहण्यासाठी आणि जेवणानंतर साखर सावकाश चढण्यासाठी दोन्ही कामाचे.

तिसरं पोटॅशियम. १०० ग्रॅममध्ये ४८५ मिलिग्रॅम. केळ्यात ३५८ असतं. किनाऱ्यावरच्या माणसासाठी हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या जेवणात मीठ अनेक वाटांनी येतं: सुकं बांगडं, जवळा, लोणच्याची फोड, पापड, मिठातलं आगळ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, आणि त्याच वेळी पोटॅशियम किमान साडेतीन ग्रॅम घ्यावं असं ती सांगते. पोटॅशियम शरीरातलं जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करतं आणि रक्तदाब आटोक्यात ठेवतं. अर्थात अ‍ॅव्होकाडोवर चिमूटभर मीठ शिंपडून खाल्लं तर हा हिशेब बिघडतो. लिंबू पुरे.

बाकीचं थोडक्यात. फोलेट १०० ग्रॅममध्ये ८१ मायक्रोग्रॅम, ‘ई’ जीवनसत्त्व २ मिलिग्रॅम, ‘के’ जीवनसत्त्व २१ मायक्रोग्रॅम, मॅग्नेशियम २९ मिलिग्रॅम, ‘सी’ १० मिलिग्रॅम. डोळ्यांच्या पडद्याला लागणारं ल्युटीनही थोडं असतं. गरोदर बाईने फोलेटसाठी तो जरूर खावा, पण आशाताईंनी दिलेल्या लोह-फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या त्यामुळे थांबवायच्या नाहीत.

जे नाही तेही सांगायला हवं, कारण अ‍ॅव्होकाडोला सर्वगुणसंपन्न ठरवणारे मेसेज घरोघरी फिरत असतात. त्यात प्रथिनं नगण्य आहेत, कॅल्शियम आणि लोह फार कमी, बी-१२ अजिबात नाही आणि ओमेगा-३ नावापुरतं. ही कामं आपल्याकडे बांगडा, तारली, नाचणी आणि कुळीथ आधीपासून करतात. ताटातली तारली काढून तिथे अ‍ॅव्होकाडो ठेवला तर नुकसान आपलंच.

अभ्यासांत काय दिसलं

२०१५ साली अमेरिकेच्या पेन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या ४५ जणांना आळीपाळीने तीन प्रकारचे आहार दिले. एक कमी स्निग्धांशाचा आणि दोन मध्यम स्निग्धांशाचे. त्या दोन मध्यम आहारांपैकी एकात रोज एक अ‍ॅव्होकाडो होता, दुसऱ्यात तितकाच स्निग्धांश इतर तेलांतून येत होता. एलडीएल तिन्ही आहारांत उतरलं, पण सर्वांत जास्त, साधारण साडेतेरा अंकांनी, अ‍ॅव्होकाडोच्या आहारात. स्निग्धांश सारखा असूनही फरक पडला, म्हणजे तंतू आणि वनस्पतिजन्य स्टेरॉल (वनस्पतींतली कोलेस्टेरॉलसारखी द्रव्यं) यांचाही त्यात हात असावा.

२०२२ साली अमेरिकेतल्या एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांच्या ३० वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. आठवड्यातून किमान दोनदा अर्धा अ‍ॅव्होकाडो खाणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचं प्रमाण १६ टक्क्यांनी कमी दिसलं. ही निरीक्षणं आहेत; अ‍ॅव्होकाडो खाणारे लोक एरवीही नीट खाणारे असू शकतात. त्याच अभ्यासातला मला सर्वांत उपयोगी वाटणारा भाग पुढचा: लोणी, मार्जरीन, चीज किंवा प्रक्रिया केलेलं मांस यांच्या जागी अ‍ॅव्होकाडो धरला तर धोका कमी झालेला दिसतो, पण ऑलिव्ह तेल किंवा सुकामेव्याच्या जागी धरला तर फरक दिसत नाही.

त्याच वर्षी आणखी एका चाचणीचा निकाल आला. पोटाचा घेर जास्त असलेल्या हजारभर लोकांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज एक अख्खा अ‍ॅव्होकाडो खायला दिला आणि बाकी आहार जसा होता तसा राहू दिला. पोटातली चरबी कमी झाली नाही. वजनही वाढलं नाही, एलडीएल जरासं उतरलं. ‘अ‍ॅव्होकाडो खा, पोट उतरेल’ हे कुणी सांगितलं तर हा निकाल आठवावा.

तिन्ही मिळून दिशा एकच दिसते. अ‍ॅव्होकाडो नुसता वाढवून थोडंच मिळतं; बरंच काही तो कशाच्या जागी येतो यावर ठरतं.

पहिली पायरी: कशाच्या जागी खायचा ते ठरवा

बाजारात जाण्याआधी हे ठरलेलं बरं. अर्धा मध्यम अ‍ॅव्होकाडो म्हणजे साधारण ११० कॅलरी. एक मोठा चमचा लोणी म्हणजे १०० कॅलरी. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, ओलं खोबरं म्हणजे १०५च्या आसपास. कॅलरी जवळपास सारख्याच, पण संपृक्त स्निग्धांश लोण्यात ७ ग्रॅम, खोबऱ्यात ९ ग्रॅम आणि अ‍ॅव्होकाडोत दीड. त्यामुळे अदलाबदल सरळ आहे. मुलांच्या पावावर लोण्याऐवजी, घावण्याबरोबरच्या खोबऱ्याच्या चटणीऐवजी, संध्याकाळच्या फरसाणाऐवजी अर्धा अ‍ॅव्होकाडो. आठवड्यातून दोन-तीन वेळा एवढं पुरेसं आहे. रोज खायलाच हवा असं काही नाही.

इथे काजूची गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपण तो पिकवतो. ३० ग्रॅम काजूगरात एक-असंपृक्त स्निग्धांश सुमारे ७ ग्रॅम, अर्ध्या अ‍ॅव्होकाडोतही तेवढाच. काजूत प्रथिनं साडेपाच ग्रॅम आणि मॅग्नेशियम कितीतरी जास्त. अ‍ॅव्होकाडोत तंतू चारपाचपट, पोटॅशियम जास्त आणि कॅलरी कमी (काजूच्या १६५च्या आसपास होतात). म्हणून ज्यांच्या परसात काजू आहे किंवा ज्यांना परदेशी फळ परवडत नाही, त्यांनी अ‍ॅव्होकाडोवाचून आपलं काही अडलंय असं मनात आणू नये. बिनमिठाचे मूठभर काजू किंवा भाजलेले शेंगदाणे आणि त्याबरोबर भाजीचा एक वाढीव वाडगा घेतला की बराचसा पल्ला गाठता येतो.

दुसरी पायरी: फळ निवडणं

आपल्याकडे दोन तऱ्हेची फळं येतात. एक छोटं, खडबडीत सालीचं ‘हास’. कॅलिफोर्नियातले पोस्टमन रुडॉल्फ हास यांच्या बागेत ते झाड उगवलं आणि १९३५ साली त्याचं पेटंट घेतलं गेलं. टांझानिया, केनिया, न्यूझीलंड अशा देशांतून ते येतं आणि पिकताना हिरव्याचं काळपट जांभळं होतं. दुसरं आपल्या दक्षिणेतलं: कोडगू, वायनाड, निलगिरी, कोडाईकनाल भागातलं. आकाराने मोठं, साल बहुधा गुळगुळीत हिरवी, आणि हंगाम पावसाळ्याच्या आसपास. यातली बरीचशी बियांपासून वाढलेल्या झाडांची असल्याने एका पेटीतली दोन फळंही सारखी निघत नाहीत.

पौष्टिकतेतही फरक आहे. फ्लोरिडातल्या मोठ्या हिरव्या जातींची नोंद १०० ग्रॅमला १२० कॅलरी आणि १० ग्रॅम स्निग्धांश अशी आहे. आपली मोठी हिरवी फळंही त्याच वळणाची, जरा पाणचट आणि हलकी. ज्यांना वजनाकडे बघायचं आहे त्यांना ही चांगलीच. शिवाय ती स्वस्तही पडतात. लोण्यासारखा दाट गर हवा असेल तर हास.

हिरव्या जाती पिकल्यावरही हिरव्याच राहतात, त्यामुळे रंग बघून फसायला होतं. फळ तळहातात धरा आणि पूर्ण पंजाने हलकेच दाबा. बोटाच्या टोकाने दाबू नका. तिथे आत काळा डाग पडतो आणि ते फळ पुढच्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला जातं. पंजात किंचित नमतं वाटलं तर आजच खाण्याजोगं. दगडासारखं असेल तर चार-सात दिवस लागतील. मऊ पडून साल गरापासून सुटल्यासारखी वाटत असेल तर ठेवून द्या. काही मोठ्या जातींत पक्व फळ हलवलं की आतली बी खुळखुळते, तीही चांगली खूण.

देठाजवळची छोटी टिकली हा दुसरा पुरावा. अलगद निघाली आणि खाली पिवळट हिरवं दिसलं तर उत्तम, तपकिरी दिसलं तर आत काळं निघण्याची शक्यता जास्त. दुकानात मात्र टिकल्या काढत बसू नये, उघड्या जागेतून फळ लवकर बिघडतं. घरी आणल्यावर कापायच्या आधी बघा.

तिसरी पायरी: पिकवणं

अ‍ॅव्होकाडो झाडावर पिकत नाही. तो झाडावर पक्व होतो आणि तोडल्यावर मऊ पडतो. आंब्याची आढी लावणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पेंढ्यात किंवा कागदी पिशवीत फळं ठेवा, सोबत एक पिकलेलं केळं घाला. केळ्यातून सुटणाऱ्या इथिलीनमुळे दोन-चार दिवसांत नरम येतं. तांदळाच्या डब्यात पुरलं तरी चालतं, फक्त रोज हात घालून बघायचं.

दोन चुका टाळायच्या. कच्चं फळ फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीने पिकणं अडखळतं आणि गर राखाडी, रबरासारखा होतो. आणि उन्हाळ्यात ते फ्रीजच्या डोक्यावर किंवा पत्र्याच्या पडवीत ठेवू नका. तीस अंशांवरच्या उष्णतेत फळ एकसारखं पिकत नाही, एका बाजूने सडतं आणि दुसऱ्या बाजूने कडक राहतं. माजघरातली जमिनीलगतची गार जागा सगळ्यांत चांगली. पिकल्यावर मात्र फ्रीज हवाच; तिथे दोन-तीन दिवस टिकतं.

पिकलेली फळं पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवण्याचा एक व्हिडिओ बराच फिरला होता. तसं करू नका. सालीवर असलेले जंतू पाण्यात वाढून आत शिरू शकतात, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली तसा इशाराच दिला होता.

चौथी पायरी: धुणं, कापणं, ठेवणं

साल खायची नसली तरी फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, कारण सुरीचं पातं सालीवरची घाण आत नेतं. मग पुसून कोरडं करा. ओल्या सालीवर सुरी घसरते.

फळ पाटावर आडवं ठेवा आणि देठापासून खाली, बीला टेकेपर्यंत सुरी घालून फळ फिरवा. सुरी न हलवता फळ फिरवलं की चीर सरळ येते. दोन्ही अर्ध्या भागांना उलट्या दिशेने पीळ दिला की ते सुटतात. बी एका भागात अडकून राहते. तिच्यावर सुरीचा घाव घालण्याची रीत व्हिडिओंत दिसते, आणि त्यात तळहात कापून दवाखान्यात जाणारे कमी नाहीत. त्यापेक्षा तो भाग पुन्हा उभा चिरा, बी अंगठ्याने ढकला, निघते. विळीवर कापायची सवय असेल तर अर्ध्या भागाला आतून चमचा फिरवून गर आधी काढून घ्या आणि मग फोडी करा.

गर सालीला चिकटून असतो तिथला पातळ, गडद हिरवा थर टाकू नका. रंगद्रव्यं तिथे जास्त असतात, म्हणून चमच्याने खरवडण्यापेक्षा साल हाताने सोलून काढणं बरं. बी आणि साल मात्र खायची नाही. बीची पूड करून पाण्यातून घेण्याचे सल्ले ऐकू येतात, पण ती माणसासाठी सुरक्षित असल्याचा पुरावा नाही. साल-बी गोठ्यात किंवा कोंबड्यांपुढेही टाकू नका. अ‍ॅव्होकाडोतलं पर्सिन नावाचं द्रव्य गुरं, शेळ्या, घोडे आणि पक्षी यांना विषारी ठरतं. पिंजऱ्यातल्या पोपटाला तर गराचा तुकडाही देऊ नये.

कापल्यावर गर तपकिरी पडतो. हवेतल्या प्राणवायूने होतं ते, फळ नासलंय असं नाही. लिंबाचा रस चोळून झाकण घट्ट लावलं की दुसऱ्या दिवसापर्यंत बरं राहतं. आगळही चालतं, फक्त रंग बदलतो आणि मीठ वाढतं.

पाचवी पायरी: कशाबरोबर खायचं

शिजवू नका. जास्त वेळ तापला की अ‍ॅव्होकाडो कडवट होतो, त्यामुळे आमटीत, कालवणात, वाटपात तो घालण्याचा प्रयोग नकोच. गरम पदार्थाच्या शेजारी किंवा वर, शेवटच्या क्षणी.

माझ्या मते आपल्या चवीला सगळ्यांत जवळ जातो तो भाकरीबरोबरचा ठेचा. पाट्यावर किंवा खलबत्त्यात दोन लवंगी मिरच्या, दोन लसणीच्या पाकळ्या आणि कोथिंबीर भरड वाटा. त्यात अर्ध्या अ‍ॅव्होकाडोचा गर घालून दोन-चार ठोके द्या. लगदा करायचा नाही, मधेमधे फोडी राहिल्या पाहिजेत. वरून अर्धं लिंबू. तव्यावरून उतरलेल्या तांदळाच्या किंवा नाचणीच्या भाकरीवर हा पसरला की तेल-तूप काहीच लागत नाही. नाचणीची भाकरी असेल तर कॅल्शियमची उणीवही तिथेच भरते.

दुसरी कोशिंबीर. इथे पोषणाचा एक सुंदर दुवा आहे. गाजर, टोमॅटो आणि पालेभाज्या यांतली ‘अ’ जीवनसत्त्वाला आधार देणारी कॅरोटिनॉइड द्रव्यं स्निग्धांशात विरघळतात; बिनतेलाच्या कच्च्या कोशिंबिरीतून ती फारशी अंगी लागत नाहीत. २००५ साली ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासात टोमॅटोच्या साल्सात, म्हणजे कच्च्या चटणीत, १५० ग्रॅम अ‍ॅव्होकाडो घातल्यावर लायकोपिन या टोमॅटोतल्या लाल कॅरोटिनॉइडचं शोषण चौपटीहून अधिक आणि बीटा कॅरोटीनचं अडीचपटीहून अधिक झालं. १५० ग्रॅम म्हणजे बरंच, आपल्याला तेवढं नको. किसलेलं गाजर, चिरलेला टोमॅटो, पावसाळ्यात मांडवावर लागणारं तवसं, थोडा कांदा आणि पाव अ‍ॅव्होकाडोच्या फोडी एवढं पुरे. शेंगदाण्याचा कूट किंवा खोबरं त्यात पुन्हा घालू नका, स्निग्धांशाची ती जागा आता भरलेली आहे.

पावसाळ्यातला टाकळा, लाल माठ, शेवग्याचा पाला या भाज्यांचंही तसंच. आपण त्या तेलावर परततो आणि वर खोबरं पेरतो, म्हणजे शोषणाची सोय आपल्या आज्यांनी आधीच करून ठेवलेली आहे. एलडीएल जपायचं असेल तर अर्ध्या चमच्या तेलावर परतून खोबरं निम्मं करा आणि भाजीशेजारी अ‍ॅव्होकाडोच्या दोन फोडी घ्या.

मासळीबरोबर म्हटलं तर भाजलेला बांगडा, त्यावर लिंबू आणि शेजारी कांदा-अ‍ॅव्होकाडो. बांगड्याचं ओमेगा-३ आणि अ‍ॅव्होकाडोचे तंतू एकाच ताटात येतात. जवळ्याच्या किसमुरीत घालायचा असेल तर अगदी वाढताना, नाहीतर कुरकुरीत जवळा ओला होऊन जातो. मीठही वेगळं घालू नका, जवळ्यात असतंच.

मिल्कशेकबद्दल. दोन मोठे चमचे साखर म्हणजे २५ ग्रॅम, म्हणजे १०० कॅलरी. मधुमेह असलेल्या माणसाला अ‍ॅव्होकाडो चालतो तो त्यात साखर नसते म्हणून; ती बाहेरून ओतली की तो फायदा उरत नाही. प्यायचंच असेल तर ताकात, जिरं आणि पुदिना घालून घुसळा.

अ‍ॅव्होकाडोच्या तेलावर मी पैसे घालवणार नाही. तंतू आणि पोटॅशियम गरात असतात, तेलात येत नाहीत. आणि नुसतं एक-असंपृक्त तेल हवं तर शेंगदाण्याचं घाण्याचं तेल घरात आहेच.

कुणी जपून खावं

मूत्रपिंडाचा विकार असलेल्या आणि डॉक्टरांनी पोटॅशियम मोजायला सांगितलेल्या माणसाने अ‍ॅव्होकाडो स्वतःच्या मनाने सुरू करू नये. जो गुण इतरांना लाभतो तोच इथे धोका होतो. डायलिसिसवर असलेल्यांनी तर आधी विचारायचंच.

रक्त पातळ करणारी वॉरफरिन गोळी चालू असेल तर ‘के’ जीवनसत्त्वाचं रोजचं प्रमाण सारखं ठेवावं लागतं. एका आठवड्यात चार अ‍ॅव्होकाडो आणि पुढच्या आठवड्यात एकही नाही, असं करू नका. आणि खायला लागणार असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

रबरी हातमोजे किंवा फुगे यांची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी काहींना अ‍ॅव्होकाडो, केळं, किवी यांचाही त्रास होतो. ओठ-जीभ खाजली, तोंडावर गांधी उठल्या तर पुन्हा खाऊ नका. श्वास लागला तर थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

ज्यांचं पोट नाजूक आहे, गॅस धरतो, त्यांनी एका वेळी पाव फळापासून सुरुवात करावी. तंतूंची सवय नसलेल्या पोटाला अख्खं फळ एकदम दिलं की पोट फुगतं, आणि मग दोष फळावर जातो. पाणीही वाढवा.

सहा महिन्यांनंतरच्या बाळाला कुस्करलेला पिकलेला गर चालतो. मीठ, साखर, मध काहीच न घालता आधी एक छोटा चमचा द्या, दोन-तीन दिवस त्वचा आणि पोट बघा, मग नाचणीसत्त्वाच्या पेजेत मिसळा. दात नसलेल्या आजी-आजोबांनाही हा प्रकार छान जातो. भूक मंदावलेल्या, वजन उतरलेल्या म्हाताऱ्या माणसाला थोड्या घासांत जास्त कॅलरी मिळतात. त्यांच्या बाबतीत अदलाबदलीचा हिशेब बाजूला ठेवावा आणि पेजेत गर वरून घालावा.

परसात लावायचा विचार असेल तर

अ‍ॅव्होकाडो दालचिनीच्याच कुळातला आहे, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ दालचिनी आपल्या बागांमध्ये चांगली रुजली आहे. म्हणून अ‍ॅव्होकाडोही सहज होईल असं मात्र धरून चालू नये. त्याचा मोठा शत्रू मुळांची कूज. फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा सूक्ष्मजीव पाणी साचलेल्या जमिनीत मुळं खातो, आणि आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. भाताच्या मळ्याच्या कडेला किंवा सखल परसात लावू नका. पाण्याचा निचरा होणारी उताराची वरकस जमीन, बुंध्याभोवती उंचवटा आणि कलम केलेलं रोप हवं. बीपासून उगवलेलं झाड फळायला बरीच वर्षं घेतं आणि फळ मूळ झाडासारखं निघेलच असं नसतं. फुलांचे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन प्रकार असतात. एकात स्त्रीकेसर सकाळी तयार असतो, दुसऱ्यात दुपारी. दोन्ही प्रकारची झाडं जवळ असली तर फळधारणा बरी होते.

झाड लावलंच तर छाटणीचा पाला कुठे जातो याकडे लक्ष ठेवा. पर्सिन पानांमध्येही असतं. हिरवी असोत वा वाळलेली, पानं खाल्लेल्या शेळ्या-गाईंची कास सुजते, दूध आटतं आणि जास्त खाल्लं तर हृदयावरही परिणाम होतो. फांद्या कुंपणाबाहेर टाकू नका, गोठ्यात पसरू नका. खड्डा काढून पुरा, आणि शेळी बांधायची जागा झाडापासून लांब ठेवा.